शीड, दोर आणि हाक

सुहेली ही नौका मुंबईत बांधली गेली. १९६३ ते १९६५ या काळात इथल्या सुतारांनी सागवानात ती उभी केली. लांबी बत्तीस फूट, म्हणजे कोकणातल्या एखाद्या बऱ्यापैकी मचव्याएवढी. जून १९६८ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा दर्यावर्दी इंग्लंडच्या फाल्मथ बंदरातून तिच्यावर एकटा निघाला. ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, पृथ्वीप्रदक्षिणा करून तो त्याच बंदरात परत आला. वाटेत त्याने एकही बंदर घेतलं नाही. एकट्याने, कुठेही न थांबता शिडाच्या नौकेतून जगाला वळसा घालणारा तो पहिला माणूस. सुहेली हे नाव आखातातल्या अरब खलाशांकडून आलं आहे. तिकडच्या आग्नेय वाऱ्याला ते सुहेली म्हणतात.

त्या नौकेवर हाक मारायला आणि ऐकायला दुसरं कुणीच नव्हतं. तरीही तिच्यावरच्या प्रत्येक दोराला, शिडाच्या प्रत्येक कोपऱ्याला आणि वाऱ्याच्या प्रत्येक कोनाला ठरलेलं नाव होतं. शिडाच्या नौकांबद्दल वाचताना नवखा माणूस पहिल्यांदा अडखळतो तो या नावांपाशी. इतके शब्द कशाला? दोराला दोर म्हटलं तर काय बिघडेल? भर रात्री वारा अचानक वाढतो आणि पाचपन्नास दोरांमधला एकच सोडायचा असतो, तेव्हा काय बिघडतं ते कळतं. नौकेवरचा शब्द कानावर पडला की हात हलला पाहिजे आणि तो नेमक्या जागी गेला पाहिजे. या एका कसोटीवर ते शब्द शेकडो वर्षं घासले गेले आहेत, म्हणून ते इतके तोकडे, ठसठशीत आणि एकमेकांपासून वेगळे आहेत.

मुंबई आणि गोव्यात आज तरुण मुलंमुली डिंगी, म्हणजे शिडाची लहान होडी, चालवायला शिकतात ती बहुतेक इंग्रजी शब्दांतून. ते शब्द त्यांना आलेच पाहिजेत, कारण जगभरचे नियम त्यांत आहेत. पण याच किनाऱ्यावर तांडेल, सारंग, सुकाणी आणि खलाशी यांची पूर्ण वाढलेली नाविक भाषा होती. तिचे तुकडे अजून जिवंत आहेत. दोन्ही भाषा शेजारी ठेवल्या तर शिकणाऱ्याला नौका लवकर कळते असं माझं ठाम मत आहे, आणि हा लेख त्याच हेतूने लिहिला आहे.

सुहेलीला दोन डोलकाठ्या होत्या. पुढची उंच, मागची बुटकी, आणि ही मागची काठी सुकाणूच्या पुढे. अशा नौकेला केच म्हणतात. तीच काठी सुकाणूच्या मागे सरकली आणि तिचं शीड अगदी लहान झालं, तर ती यॉल. एकच डोलकाठी, तिच्या मागे एक मोठं शीड आणि पुढे एक, ही झाली स्लूप. स्लूपचं आपल्याकडचं सर्वांत नावाजलेलं उदाहरण म्हणजे म्हादेई. गोव्यात मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत ही छप्पन फुटी नौका बांधली गेली आणि २००९ मध्ये नौदलात दाखल झाली. मांडवीचं मूळ नाव म्हादेई, तेच नौकेला दिलं. ऑगस्ट २००९ मध्ये दिलीप दोंदे तिच्यावर एकटे निघाले आणि चार बंदरं घेत मे २०१० मध्ये मुंबईला परतले. एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेवर एकही बंदर न घेता ती फेरी केली. पुढे त्याच गोदीत तारिणी तयार झाली. २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलातल्या सहा महिलांनी आणि २०२४-२५ मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच तिच्यावरून जगाला वळसा घातला.

*

जमिनीवर आपण डावं-उजवं स्वतःच्या अंगावरून सांगतो. नौकेवर कुणी नाळेकडे तोंड करून उभा असतो, कुणी मागे पाहत असतो, कुणी डोलकाठीवर चढलेला असतो. प्रत्येकाचं उजवं निराळं. म्हणून बाजू नौकेलाच बांधून टाकली. नाळेकडे तोंड केल्यावर उजव्या हाताला येते ती स्टारबोर्ड, डाव्या हाताला येते ती पोर्ट, आणि तुम्ही कुठेही तोंड करून उभे असलात तरी ती बदलत नाही. आपल्याकडे नाळ म्हणजे नौकेचा पाणी कापणारा पुढचा निमुळता भाग. इंग्रजीत तो बो, आणि मागची बाजू स्टर्न.

स्टारबोर्ड या शब्दाच्या पोटात सुकाणू आहे. मधोमध बसवलेलं सुकाणू येण्याआधी उत्तर युरोपातल्या नौका मागच्या उजव्या अंगाला लावलेल्या मोठ्या वल्ह्याने वळवल्या जात. ती सुकाणूची बाजू म्हणून स्टारबोर्ड. ते वल्हं धक्क्यावर आपटू नये म्हणून बंदरात दुसरी बाजू लावायची, ती पोर्ट. मधल्या काळात डाव्या बाजूला लारबोर्ड म्हणत. वादळात स्टारबोर्ड आणि लारबोर्ड कानाला सारखेच ऐकू येत, त्यामुळे १८४४ मध्ये ब्रिटिश नौदलाने लारबोर्ड हा शब्द हुकूम काढून बंद केला. घासण्याची कसोटी म्हणतो ती हीच.

सुकाणूचं हे वल्हं आपल्यालाही परकं नाही. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातल्या भित्तिचित्रात एक जहाज आहे. त्यावरून प्रेरणा घेऊन गोव्यात एक शिवण घातलेलं जहाज बांधलं गेलं. फळ्या खिळ्यांनी ठोकण्याऐवजी काथ्याच्या दोरीने शिवल्या. २१ मे २०२५ रोजी ते नौदलात आलं, नाव कौंडिण्य. त्याला चौकोनी शिडं आहेत आणि मधल्या सुकाणूऐवजी मागे सुकाणूची वल्ही आहेत. अशा जहाजावर वाढलेला कुणी जिवंत नव्हता. खलाशांना त्याची वागणूक पाण्यातच शिकावी लागली.

लहान नौकेवर सुकाणू फिरवायला चाक नसतं, टिलर नावाचा दांडा असतो. हा दांडा ज्या बाजूला ढकलाल त्याच्या उलट बाजूला नौका वळते. नवशिक्याला यात पहिले काही तास फार कष्ट होतात, आणि मोठ्या जहाजांनाही या उलटेपणाने बराच काळ छळलं. पूर्वी सुकाणूचे हुकूम टिलरच्या दिशेने दिले जात. १९१२ मध्ये टायटॅनिकवर हिमनग दिसताच ‘हार्ड अ स्टारबोर्ड’ असा हुकूम झाला तो जहाज डावीकडे वळवण्यासाठी, आणि जहाज डावीकडेच वळलं. १९३० च्या दशकात ही पद्धत बदलली आणि नौका ज्या बाजूला वळायची त्याच बाजूचं नाव घ्यायचं ठरलं.

रात्री बाजू रंगाने सांगतात. पोर्टला लाल दिवा, स्टारबोर्डला हिरवा, मागे पांढरा. समोरून लाल आणि हिरवा दोन्ही दिसले तर ती नौका थेट तुमच्यावर येते आहे. यंत्राच्या दोन नौका एकमेकींची वाट कापत असतील तर दुसरी जिच्या स्टारबोर्डला आहे तिने वाट द्यायची. वाट देणाऱ्या नौकेवरून समोरचीचा लाल दिवा दिसतो, म्हणजे थांबण्याची खूण आपोआप मिळते. शिडाच्या दोन नौकांचा नियम वाऱ्यावर चालतो. जिला वारा पोर्ट बाजूने लागतो तिने दुसरीला वाट द्यायची. दोघींना एकाच बाजूने वारा असेल तर वाऱ्याकडच्या नौकेने बाजूला व्हायचं, कारण दुसरीच्या वाट्याचा वारा तीच अडवते. आणि एक नियम हौशी मंडळींनी आपल्या किनाऱ्यावर तर मुळीच विसरू नये: यंत्राची नौका शिडाच्या नौकेला वाट देते हे खरं, पण जाळं टाकून मासेमारी करणाऱ्या नौकेला शिडाच्या नौकेनेही वाट द्यायची असते. त्या नौकेचा प्रमुख असलेल्या तांडेलाच्या मागे कितीतरी वाव लांब जाळं पसरलेलं असतं, त्याला चटकन वळता येत नाही. हे १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत लिहिलेलं आहे, तांडेलाच्या मर्जीवर सोडलेलं नाही.

*

आता दोर. मराठी माणसाचा इथे हमखास घोटाळा होतो, कारण इंग्रजीतला शीट म्हणजे शीड नव्हे. शीट हा दोर आहे. शिडाचा मागचा मोकळा कोपरा ज्या दोराने आवळतात किंवा सैल सोडतात, तो शीट. मोठ्या शिडाचा तो मेनशीट, पुढच्या शिडाचा, म्हणजे जिबचा, तो जिबशीट. शीड डोलकाठीवर चढवण्या-उतरवण्याचा दोर हॅलियार्ड. शिकवणारा ‘शीट सोड’ म्हणतो तेव्हा वारा नौकेला आडवं करायला निघालेला असतो. शीट सुटला की शीड झेंड्यासारखं फडफडतं, त्यातला जोर जातो आणि नौका सरळ होते. नवख्याने गोंधळून हॅलियार्ड सोडला तर शीड अर्धवट खाली येतं, दोरांत गुंततं, आणि नौका तशीच कललेली राहते.

शिडाच्या तीन कोपऱ्यांनाही नावं आहेत. वरचा हेड, डोलकाठीजवळचा खालचा टॅक, मागचा क्ल्यू. शीट बांधायचा तो क्ल्यूला. डोलकाठीला लागलेली कड लफ, मागची मोकळी कड लीच, खालची फूट. मोठ्या शिडाच्या खालचा आडवा दांडा बूम. त्याचं भान सतत ठेवावं लागतं. डोलकाठीला पुढून-मागून आधार देणाऱ्या तारा म्हणजे स्टे, आणि दोन्ही अंगांनी आधार देणाऱ्या श्राउड. यांना हात लावायचा नसतो, त्या कायम ताणलेल्या असतात. यांतली एक तुटली की डोलकाठीच धोक्यात येते. शिडाच्या प्रत्येक नौकेला सर्वांत मोठं भय असतं ते डोलकाठी जाण्याचं. सप्टेंबर २०१८ मध्ये, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत, दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात अभिलाष टॉमी यांच्या थुरिया या नौकेची डोलकाठी गेली, त्यांच्या पाठीला गंभीर इजा झाली आणि अखेर ओसिरिस या फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवलं. थुरिया गोव्यातच बांधलेली होती, सुहेलीच्याच आराखड्यावर. पुढे २०२३ मध्ये त्याच शर्यतीत टॉमी दुसरे आले.

आपल्या जुन्या गलबतांवर बूम नव्हता. डोलकाठी थोडी पुढे झुकलेली आणि तिच्यावर तिरकी टांगलेली लांब काठी, ती परबाण. काही बंदरांत तिचा उच्चार परमाण असा होतो. परबाणाला बांधलेलं शीड जवळजवळ त्रिकोणी, पुढचा कोपरा किंचित छाटलेला. शीड चढवायचं म्हणजे परबाणच वर खेचायचं. ते जड काम, म्हणून कप्प्यांमधून दोर ओवायचा आणि सगळ्यांनी मिळून ओढायचं. मंगळुरी कौलं, नारळ, मीठ, लाकूड वाहणाऱ्या फत्तेमाऱ्यांवर हेच चाले. नौकेचा तळाचा कणा म्हणजे पठाण, ज्याला इंग्रजीत कील म्हणतात. बांधकामाचा आरंभ पठाणापासून होतो, त्यावर वाक्या, म्हणजे फासळ्या, बसतात, मग फळ्या.

जहाजांवरच्या खलाशांची स्वतःची एक मिश्र बोली होती, लष्करी किंवा लस्करी. हिंदुस्थानी, मराठी, गुजराती, अरबी, फारसी, पोर्तुगीज आणि इंग्रजी यांच्या भेसळीतून ती झाली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या किती घरांतले पुरुष ब्रिटिश कंपन्यांच्या आगबोटींवर सारंग आणि खलाशी म्हणून गेले हे कोकणात वेगळं सांगायला नको. साहेब लोकांना ती बोली कळेना, म्हणून टॉमस रोबक याने १८११ मध्ये इंग्रजी-हिंदुस्थानी नाविक कोश छापला, आणि १८८२ मध्ये जॉर्ज स्मॉल याने त्याची सुधारित आवृत्ती काढली. पुढच्या डोलकाठीला त्या बोलीत तिरकट म्हणत, पोर्तुगीज त्राकेतवरून. वरच्या शिडाला गाबी, गाव्हियावरून. या कोशातले बहुतेक शब्द शिडांबरोबर गेले, पण दोन हुकूम टिकले आहेत. गोदीत किंवा बांधकामावर क्रेनच्या खाली उभा राहून खुणा करणारा कामगार आजही ‘हाबेस’ म्हणतो तेव्हा वजन वर उचलायचं असतं, ‘आर्या’ म्हणतो तेव्हा खाली सोडायचं. आर्या हा पोर्तुगीज खलाशांचा शीड उतरवण्याचा हुकूम. गोंगाटात दुरूनही ओळखू येतील असे हे दोन शब्द आहेत, आणि ज्याला ते माहीत नाहीत त्याला क्रेनखाली उभं करत नाहीत.

*

कुठलीही शिडाची नौका थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. वारा समोरून येत असेल तर दोन्ही बाजूंना साधारण पंचेचाळीस अंशांपर्यंतचा भाग तिला बंद असतो. त्या कडेला लागून, शीड पूर्ण आवळून चालणं म्हणजे क्लोज-हॉल्ड. वारा बरोबर बाजूने, तो बीम रीच. थोडा मागून, तो ब्रॉड रीच, आणि बहुतेक नौका यातच सर्वांत खुशीत धावतात. वारा थेट पाठीशी, ते रनिंग. नवख्याला वाटतं की पाठीवरचा वारा सर्वांत सोपा आणि वेगवान. तसं नाही. बाजूने वारा घेतलेलं शीड पक्ष्याच्या पंखासारखं काम करतं, दोन अंगांनी हवा वेगवेगळ्या गतीने जाते आणि नौका ओढली जाते. खाली कील किंवा सेंटरबोर्ड नावाची तळातून पाण्यात सोडलेली फळी पाण्याला अडते, म्हणून ती बाजूला न सरकता पुढे जाते. पाठीवरच्या वाऱ्यात शीड फक्त ढकललं जातं.

वाऱ्याच्या दिशेला असलेल्या ठिकाणी जायचं तर नागमोडी जावं लागतं. एकदा या बाजूने, मग नाळ वाऱ्यातून फिरवून त्या बाजूने. शिडाच्या कोपऱ्याप्रमाणे या वळणालाही टॅकच म्हणतात. उलट, नौकेची पाठ वाऱ्यातून फिरवली तर ती जाइब. जाइबमध्ये बूम एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सपकन येतो आणि त्याच्या वाटेत डोकं असेल तर कवटी फुटते. म्हणून ती करण्याआधी मोठ्याने सांगायचं, सर्वांनी ऐकल्याचं सांगायचं आणि मगच वळायचं. उत्तर न घेता वळणारा कप्तान मला भरवशाचा वाटत नाही.

परबाणाच्या गलबताला टॅक जमत नसे. झुकलेली डोलकाठी, पुढे आलेलं परबाण आणि त्याला घट्ट बांधलेलं शीड घेऊन नाळ वाऱ्यातून नेणं अवघड, म्हणून पाठीवर वारा घेऊन पूर्ण फेरा मारायचा आणि परबाण डोलकाठीच्या दुसऱ्या बाजूला न्यायचं. यात बरंच पाणी मागे जावं लागे. जोराचा वारा आला तर मोठं शीड उतरवून लहान चढवायचं. आजच्या नौकांवर त्याच शिडाचा खालचा भाग गुंडाळून आखूड करतात, तो रीफ.

वाऱ्यावरचं हे अवलंबित्व मराठी आरमाराने फार लवकर ओळखलं होतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचं स्वतंत्र प्रकरण आहे. गुराबा फार मोठ्या करू नयेत, मध्यम असाव्यात, आणि वाऱ्यावाचून ज्यांचा उपयोग नाही अशी थोराड जहाजं बांधू नयेत असा त्यात सल्ला आहे. गुराब म्हणजे दोन-तीन डोलकाठ्यांचं तोफांचं जहाज. गलबत त्याहून लहान, चाळीस-पन्नास वल्हेकऱ्यांचं. वारा पडला की युरोपियनांची मोठी जहाजं जागच्या जागी उभी राहत. मग गलबतं गुराबांना ओढून शत्रूच्या पिछाडीला आणत, कारण त्या जहाजांच्या तोफा मुख्यतः दोन्ही अंगांना असत, मागे थोड्या. आंग्र्यांचा दरारा कितीतरी अंशी या एका हिशेबावर उभा होता.

*

हौशी नौकावाल्यांनी मनात खोल रुजवून घ्यावी अशी संज्ञा एकच निवडायची झाली तर मी ली शोर निवडेन. वारा जिकडून येतो ती बाजू विंडवर्ड, जिकडे जातो ती लीवर्ड. जो किनारा तुमच्या लीवर्डला आहे, म्हणजे वारा तुम्हाला ज्याच्यावर ढकलतो आहे, तो ली शोर. खोल समुद्रातल्या वादळापेक्षा अशा किनाऱ्याजवळ खलाशी जास्त घाबरतो, कारण यंत्र बंद पडलं किंवा शीड फाटलं तर नौका खडकांवर जाणारच. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यात पालघरपासून काणकोणपर्यंतचा सगळा किनारा ली शोर होतो. म्हणूनच नौका पावसाळ्यात वाळूवर ओढून झापांनी झाकायच्या, आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्यावरच पाण्यात लोटायच्या. आजही १ जून ते ३१ जुलै यंत्राच्या नौकांना मासेमारी बंदी असते. माशांच्या विणीसाठी ती आहेच, पण जुन्या लोकांनी ते दोन महिने वाऱ्यासाठी सोडलेले होते.

बाकीच्या ऋतूत किनाऱ्याचं घड्याळ दोन वाऱ्यांवर चाले. रात्री जमीन लवकर निवते आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वारा सुटतो, तो मतलई. दुपारी जमीन तापते आणि समुद्राकडून खारा वारा येतो. मतलईवर नौका हाकारायची, बाहेर मासळी करायची आणि खाऱ्या वाऱ्यावर घरी यायचं. मुंबई बंदरात दुपारी शर्यती लावणारे आजचे यॉटवालेही याच खाऱ्या वाऱ्याची वाट पाहत असतात.

वाऱ्याने नौका कलते, त्याला हील म्हणतात. वारा कमी झाला की ती पुन्हा उठते. वजन एका बाजूला झाल्याने किंवा आत पाणी शिरल्याने नौका एका अंगावर राहिली तर तो लिस्ट, आणि तो आपोआप जात नाही. लहान डिंगीवर माणसं मुद्दाम वाऱ्याकडच्या काठावर बसून अंग बाहेर टाकतात आणि नौका सरळ ठेवतात. तिथे माणसाचं वजन हे साधन असतं. गच्च भरलेल्या प्रवासी बोटीवर तेच वजन जीव घेतं. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या सकाळी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास ही बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. लाट एका अंगाला आदळली, घाबरलेले प्रवासी दुसऱ्या अंगाकडे धावले आणि बोट कलंडली. सहाशेहून अधिक माणसं गेली. त्या मृतांमध्ये गिरणगावातून गावी निघालेली किती कुटुंबं होती याची आठवण अलिबागच्या परिसरात अजून निघते. मांडव्याला किंवा एलिफंटाला जाणाऱ्या बोटीत बसल्यावर ‘जागा सोडू नका’ असं कुणी ओरडलं तर त्या ओरडण्यामागे काय आहे ते कळावं, म्हणून हे सांगतो.

*

वेग नॉटमध्ये मोजतात. पूर्वी दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारून, टोकाला लाकडी फळी बांधून ती मागे पाण्यात सोडत आणि वाळूच्या घड्याळात वाळू सरेपर्यंत किती गाठी हातातून गेल्या ते मोजत. ताशी एक सागरी मैल म्हणजे एक नॉट, म्हणून ‘ताशी पाच नॉट’ म्हणणं चूक. सागरी मैल १,८५२ मीटरचा, अक्षांशाच्या एका मिनिटाएवढा.

खोली आपले कोळी अजून वावात सांगतात. दोन्ही हात पसरल्यावर एका हाताच्या बोटापासून दुसऱ्या हाताच्या बोटापर्यंतचं अंतर म्हणजे एक वाव. इंग्रजी फॅदमही याच मापाचा, सहा फूट. ओळंबा टाकून, दोर हातांनी वर ओढत मोजलं की वाव आपोआप मोजले जातात.

पण खाडीत शिरणाऱ्याला खोलीपेक्षा भरतीचं ज्ञान अधिक लागतं. आपल्याकडे पंचांग हेच भरतीचं कोष्टक होतं. तिथीची पाऊणपट केली की मुंबईकडची पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाला, द्वादशीला नऊला. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. अमावास्या आणि पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांगेची भरती, म्हणजे पाण्याची चढ-उतार सर्वांत कमी. मुंबई बंदरात उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, दक्षिणेकडे गोव्यापर्यंत ती चढ बरीच कमी होत जाते. मुंबईचा अंदाज घेऊन मालवणला जाणारा, किंवा मालवणचा घेऊन मुंबईला येणारा, दोघेही फसतात.

वेळ कळली तरी मधल्या तासांत पाणी किती असेल ते कळायला हवं, आणि त्यासाठी जगभरचे खलाशी बाराव्या हिश्शाचा नियम वापरतात. ओहोटीपासून भरतीपर्यंतचे सुमारे सहा तास धरले तर पहिल्या तासात एकूण चढीचा बारावा हिस्सा चढतो, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. समजा त्या दिवशीची चढ ३.६ मीटर आहे. मग पहिल्या तासात ३० सेंटिमीटर, दुसऱ्यात ६०, तिसऱ्या आणि चौथ्यात प्रत्येकी ९०, पाचव्यात ६० आणि शेवटच्या तासात पुन्हा ३०. खाडीच्या तोंडावरच्या वाळूच्या दांड्यावरून ओहोटीला अर्धा मीटर पाणी असेल आणि तुमच्या नौकेला दीड मीटर लागत असेल, तर दुसरा तास संपतानाही ती टेकेल. तिसरा तास सरता सरता तिथे २.३ मीटर पाणी येतं आणि नौका निर्धास्त आत जाते. पण त्याच मधल्या दोन तासांत खाडीतला ओढाही सर्वांत जोरात असतो, म्हणून सुकाणूवर त्या वेळी जाणत्या माणसाने बसावं, आणि नांगर सोडायला एक जण नाळेवर तयार असावा.